पुढे काय झालं?

खिशातला मोबाइल आधी काढून ठेवा. घड्याळही ठेवा. आपण जिथे निघालोय तिथे मोबाइल नाही, आणि घड्याळ अख्ख्या गावात एकाच मनगटावर आहे, तेही लग्नात मिळालेलं. बूट काढा, नाहीतर ते चिखलातच राहतील. विजार गुडघ्यापर्यंत दुमडा. उजवा खांदा जरा चोळून घ्या, कारण आज काम त्यालाच आहे.

उतरलात? बरं. १९६०च्या दशकातली श्रावणातली रात्र आहे, आणि दौंड तालुक्यातलं भीमेकाठचं एक गाव. पाऊस थांबलाय, पण वळचणीचं पाणी अजून टपटपतंय. ओल्या घोंगडीचा, रॉकेलचा आणि गोठ्याचा वास एकमेकांत इतका मिसळलाय की वेगवेगळा करता येत नाही. तुम्ही इथे पाहुणे म्हणून आलात, पिठलं-भाकरी खाऊन नुकते आडवे झाला होतात. तेवढ्यात शेजारच्या घरातून बाईच्या कण्हण्याचा आवाज आला. तो कालपासून येतोय, असं कोणीतरी हळूच सांगतं.

सुईण बाहेर येते. पदराला हात पुसते आणि कोणाकडेही न बघता म्हणते, "माझ्या हातातलं राह्यलं न्हाई आता. पुण्याला न्या."

पुण्याला? आत्ता? कसं? हे प्रश्न तुम्हालाच पडतात, गावाला नाही. गावाने बाज आधीच अंगणात आणलीय. दोन्ही बाजूंनी बांबू बांधून झाले. गोधडी अंथरली. बाईला तिच्यावर ठेवलं, वरून इरलं धरलं. "पाव्हणं, या बाजूला लागा," असं कोणीतरी म्हणतं आणि बांबू तुमच्या खांद्यावर येतो. धडधाकट माणसाची यातून सुटका नसते.

आता चला. पायाखाली काळी माती आहे. पहिल्या शंभर पावलांत ती तळव्याला चिकटते, पुढच्या शंभरात घोट्यापर्यंत चढते आणि मग प्रत्येक पाऊल जमिनीतून उपटून काढावं लागतं. पुढे एक म्हातारा कंदील घेऊन चाललाय. बाजेच्या सुंभाची करकर, बेडकांचा गदारोळ, आणि मधूनच त्या बाईचा "आई गं". दर थोड्या वेळाने म्हातारा "बदला!" म्हणून ओरडतो आणि चार खांद्यांच्या जागी दुसरे चार येतात. तुमचा खांदा सोलवटलाय. सांगायची सोय नाही. शेजारचा गडी तुमच्या दुप्पट वयाचा आहे आणि तो अनवाणी चाललाय.

पहाटे दौंड स्टेशन. दगडी कोळशाचा धूर आधी नाकात जातो, मग डोळ्यांत. वाफेचं इंजिन फुसफुसत उभं आहे, त्याच्या पोटातून गरम पाणी रुळांवर ठिबकतंय. हमालांचा आरडाओरडा चाललाय, दुधाच्या कॅनचा खणखणाट त्यात भर घालतोय. तुमच्या काळातल्या माणसाला हे कळायला जरा वेळ लागेल, पण ही सगळ्या थांब्यांवर थांबणारी पॅसेंजर हीच दौंडकरांची रुग्णवाहिका आहे. ससून रुग्णालय पुणे स्टेशनला लागून आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे गाडीत रुग्ण चढवणं नवलाचं नाही. डब्यातल्या बायका काही न विचारता उठतात, नऊवारी लुगडी आडवी धरून आडोसा करतात. पुरुषांनी दाराशी जायचं. तुम्ही दाराशी जाता. पाटस, केडगाव, यवत, उरुळी, लोणी. प्रत्येक थांब्यावर गाडी एवढी रेंगाळते की तुम्हाला उतरून इंजिन ढकलावंसं वाटतं.

पुण्यात बाज पुन्हा खांद्यावर येते. मग ससूनचं फाटक, लांबलचक दगडी व्हरांडा, फिनेलचा वास. बाई आत जाते.

इथे तुमचं काम संपलं, असं वाटलं ना? बसा खाली. तुमच्याबरोबर आलेले सगळे झाडाखाली बसलेत आणि त्यांचा उठायचा विचार नाही. दोन-तीन दिवस तुम्ही तिथेच आहात. फडक्यातली भाकरी कडक होते, कांद्याबरोबर ती तशीच खायची. रात्री घोंगडी एकच आणि माणसं चार. शेवटी परिचारिका येऊन सांगते की मूल गेलं, बाई वाचली. म्हातारा तिथेच रडतो, मग तोंड धुतो, मग सगळ्यांना चहा पाजतो.

तुम्ही बाईला घेऊन परतता. त्यानंतर त्या गावात तुम्ही कधीही गेलात तरी कोणीतरी बोट दाखवेल: "हेच ते पाव्हणं, बाज आणली ते." तुम्हाला वैद्यकातलं ओ की ठो येत नव्हतं. नाडी कुठे बघायची हेही माहीत नव्हतं. पण गोष्टीच्या शेवटी तुम्ही हजर होतात. हे लक्षात ठेवा, पुढच्या मुक्कामाला लागेल.

आणि आपल्याकडेच असा अंधार होता असं समजून ओशाळू नका. त्याच दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात आजारी माणसाला न्यायला पोलिसांची गाडी तरी येई, नाहीतर अंत्यसंस्कार करणाऱ्या दुकानाची शववाहिनी. १९६७मध्ये तिथे डॉ. पीटर साफार यांनी कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेकार तरुणांना शिकवून 'फ्रीडम हाउस' ही रुग्णवाहिका सेवा उभी करायला हातभार लावला. रस्त्यावरच उपचार सुरू करायचे, ही गोष्ट त्या पोरांनी जगाला करून दाखवली.

आता खांदा झटका. पाय धुवा. बूट घाला, या वेळी लागतील. मोबाइल मात्र तुमचा घेऊ नका. सेवेचा वेगळा फोन मिळणार आहे, आणि तो कधी वाजेल याची भीती तुम्हाला तो हातात घेतल्या क्षणापासून वाटणार आहे.

२०१४च्या अखेरीची थंडी. २६ जानेवारीला सुरू झालेली १०८ची रुग्णवाहिका सेवा अजून वर्षाचीही नाही. राज्यभरात ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३मध्ये व्हेंटिलेटरसकट सगळी प्रगत साधनं, ७०४मध्ये प्राथमिक. नियंत्रण कक्ष पुण्यात औंधला. दुसऱ्या राज्यांतल्या १०८मध्ये मागे बसतो तो तंत्रज्ञ, ईएमटी. महाराष्ट्राने मागे डॉक्टर बसवला. पुढे बसणाऱ्याला मात्र इथेही ड्रायव्हर न म्हणता पायलटच म्हटलं. या मुक्कामात तुम्ही डॉक्टर आहात. बीएएमएस झालेले, चोवीस-पंचवीस वर्षांचे. पाळी बारा तासांची. गाडी ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली उभी आहे. आत नव्या रेक्झिनचा, स्पिरिटचा आणि पायलटमामांच्या तंबाखूचा वास आहे. मामा तंबाखू सोडणार आहेत, सोमवारपासून. कुठल्या सोमवारपासून हे विचारू नका.

पहाटे चारला फोन वाजतो. "केस पडली, डॉक्टर," मामा म्हणतात, आणि तुम्ही स्वेटरमध्ये डोकं घालेपर्यंत गाडी सुरू झालेली असते. ग्रामीण भागात अर्ध्या तासात पोचायचं, असा दंडक आहे. अर्धा तास शहरात बसून पुष्कळ वाटतो. इथे पत्ता ऐका:

"गुऱ्हाळाच्या मागं, डॉक्टर."

"कुठल्या गुऱ्हाळाच्या?"

"ज्याचा धूर निघतोय बघा, त्या."

तुम्ही काचेतून बघता. केडगाव, खुटबाव, पारगाव, ही सगळी गुऱ्हाळांची पट्टी. धूर सगळ्यांचाच निघतोय. धुकं आणि धूर यांत फरक कळत नाही, आणि उकळत्या रसाचा गोड, जड वास गाडीत शिरून स्पिरिटवर मात करतो. मामा काच खाली करून मान बाहेर काढतात. उसाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींमधून गाडी सरकतेय. पाचट चाकाखाली करकरतंय. नदीपलीकडे शिरूरच्या बाजूला असल्याच उसात बिबट्या असतो, ही माहिती मामा नेमकी आत्ताच पुरवतात. शेवटी बॅटरी हलवणारा एक पोरगा दिसतो. मोटारसायकलवर पुढे निघतो. तो ओढ्यातून जातो, मग गाडीही ओढ्यातून जाते.

ऊसतोड कामगारांच्या कोप्या. बीडकडून आलेलं बिऱ्हाड. चूल पेटलीय, बैल बांधलेत, कुत्री भुंकतायत. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी पोट धरून बसलीय. कालपर्यंत मोळ्या उचलत होती. तुम्ही तिला गाडीत घेता, रक्तदाब बघता, बाळाचे ठोके ऐकता, तपासता, आणि तुमच्या लक्षात येतं की रुग्णालय गाठायची उसंत बाळाने ठेवलेली नाही.

"मामा, गाडी बाजूला घ्या."

मामा काही विचारत नाहीत. गाडी थांबवतात, आतला दिवा पूर्ण लावतात, खाली उतरून पाठ करून उभे राहतात आणि जमलेल्या बाप्यांना चार पावलं मागे रेटतात. आत तुम्ही, ती, आणि तिची सासू. हातमोजे घालताना बोटं थंडीने वळत नाहीत. प्रसूतीचं किट उघडता. कॉलेजात हे पाहिलंय, केलंयही, पण तेव्हा मागे मॅडम उभ्या असायच्या. आता मागे ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. मुलगी सासूचं मनगट एवढं आवळते की बांगडी फुटते. डोकं येतं. मग खांदे. मग सगळं एकदम, निसटतं, गरम, आणि तुमच्या दोन्ही हातांत एक जीव, जो अजून रडत नाहीये.

पुसा. पाठ चोळा. कोरड्या फडक्याने, जरा जोरात. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजते. पुन्हा चोळा.

मग ते रडतं, आणि बाहेर गलका होतो.

नाळेला चिमटा, बाळ आईच्या छातीवर, वरून ब्लँकेट, आईला इंजेक्शन, वार पूर्ण पडली का ते बघणं. तुमच्या स्वेटरचं काय झालंय ते उजेडात कळेल. गाडी निघते तेव्हा म्हातारी पदराची गाठ सोडते. "किती झालं?" काही नाही, आजी. फुकट आहे. "मग डिझेलचं?" तेही नाही. तिचा विश्वास बसत नाही. गेल्या अनेक वर्षांत तिच्याकडून फुकट काही घेतलं गेलंय, दिलं कोणी नाही. ती तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघते आणि विचारते, "पण खरं डाक्टर कुठायत?"

मामा आरशातून तुमच्याकडे बघतात आणि हसू दाबतात. हा प्रश्न रोजचा आहे. इमारत, केबिन, टेबल यांच्याशिवाय दिसणारा डॉक्टर लोकांना अर्धाच वाटतो. आणि पायलट त्यांच्या लेखी "ओ ड्रायव्हर"च.

रुग्णालयात आई आणि बाळ सिस्टरांच्या ताब्यात. कागदावर सही, वेळ, किलोमीटर. औंधला फोन: केस क्लोज. बाळ मुलगी आहे एवढं तुम्हाला माहीत आहे. तिचं नाव काय ठेवलं, ती बिऱ्हाडाबरोबर परत बीडला गेली का, शाळेत गेली का, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तो आवाज मात्र कानात राहतो. सकाळी गुऱ्हाळवाला मोटारसायकलवर येतो आणि कागदात गुंडाळलेला गरम गुळाचा खडा मामांच्या हातात कोंबून निघून जातो. तुम्ही दोघं तो चहाबरोबर खाता. आजवरच्या नोकरीतला सगळ्यात मोठा सत्कार हाच.

संध्याकाळी सोलापूर रस्ता. पाटसच्या कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, मागे उसाने ओसंडलेल्या दोन ट्रॉल्या, मागचा दिवा नाही, पुढे गाणी मात्र दणदणीत. मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. तुम्ही पोचता तेव्हा डांबरावर उसाचा, पेट्रोलचा आणि रक्ताचा वास आहे, आणि भोवती पन्नास माणसं, त्यांतली वीस मोबाइलचा उजेड पाडून चित्रण करतायत. एक जण जखमीच्या तोंडात पाणी ओतायला निघालाय. "पाणी नको! मान हलवू नका!" तुम्ही ओरडता, आणि तुमच्या आवाजाचं तुम्हालाच आश्चर्य वाटतं. मानेला कॉलर. पाठीखाली सपाट फळी. तिघांनी एकदम, एक-दोन-तीन. ज्याला तुम्ही फळीचं टोक धरायला लावलंत त्याने मोबाइल खिशात टाकलाय आणि आता तो सगळ्यांत जास्त मन लावून काम करतोय. बघ्या माणसाला काम दिलं की तो बघ्या राहत नाही, हे कुठल्याही पुस्तकात नाही.

मागे तुम्ही गुडघ्यावर. एका हाताने जखम दाबलेली, दुसऱ्याने शीर शोधताय. इथे मामांची कला कळते. लोकांना वाटतं पायलट म्हणजे वेग. वेग कोणीही काढतो. तुम्ही सुई लावताय हे आरशात बघून खड्डा तीन सेकंद आधी टाळणं, ब्रेक असा दाबणं की सलाइनची बाटली झुलू नये, आणि माइकवरून "पांढरी स्विफ्ट, डावीकडे, डावीकडे घ्या साहेब" हे शिवी न घालता म्हणणं, याला पायलट म्हणतात. लोणी काळभोर. हडपसरची कोंडी. सायरनने कान बधिर झालेत. आत त्याचा श्वास मोजताय.

ससूनच्या अपघात विभागात तुमच्या वाट्याला एखादं मिनिट येतं. "पुरुष, तिशीतला, मोटारसायकल, हेल्मेट नाही, एक उलटी, शुद्ध मध्ये-मध्ये, दाब इतका, सलाइन एक." ड्यूटीवरची डॉक्टर ऐकते, मान हलवते, तुमच्या बांधलेल्या पट्टीकडे एकदा बघते आणि ती न सोडता पुढचं काम सुरू करते. तुमची पट्टी तिने सोडली नाही! हे तुमचं पदक. ते छातीवर लावता येत नाही, सांगून कोणाला कळतही नाही.

मग तुम्ही व्हरांड्यात थांबता. काय झालं ते कळावं म्हणून? छे. तुमची फळी परत हवीय म्हणून. ती रुग्णाच्या पाठीखाली आहे. फळी मिळते, रुग्णाचं कळत नाही. परतीच्या रस्त्यावर मामा विचारतात, "वाचंल का हो?" तुम्ही म्हणता, "वाचायला हवा." एवढ्यात फोन वाजतो.

साठच्या दशकातल्या त्या व्हरांड्यात तुम्हाला काहीच येत नव्हतं, पण शेवट माहीत होता. आता तुम्हाला पुष्कळ येतं, आणि एकाही गोष्टीचा शेवट तुमच्याकडे नाही.

पुढच्या मुक्कामाला जागा बदला. आता तुम्ही पुढे बसायचं. तुम्ही पायलट.

एप्रिल २०२१, कोरोनाचे दिवस, शिरूर. इकडची म्हातारी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. पारा चाळिशीला टेकलाय आणि तुमच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिक आहे. पहिल्या दहा मिनिटांत पाठ भिजते, अर्ध्या तासात हातमोज्यांत घाम साचून बोटं पांढरी सुरकुततात. चष्म्यावर वाफ. तोंडाला दोन मास्क, त्यांत स्वतःच्याच श्वासाचा आंबूस वास. पाणी प्यायचं नाही, कारण प्यायलात तर पुढचा प्रश्न उभा राहतो, आणि हा पोशाख मध्ये उतरवता येत नाही. आत एसी लावावा तर विषाणू फिरतो म्हणतात, त्यामुळे काचा उघड्या. बाहेरून भट्टीचा वारा.

सगळे एकसारखी पांढरी बुजगावणी दिसतात म्हणून डॉक्टर मार्कर काढतात आणि तुमच्या पाठीवर तुमचं नाव लिहितात. ठळक, मोठ्या अक्षरांत. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा तुम्ही नाव अंगावर घेऊन फिरताय, आणि नेमका याच दिवसांमध्ये तुमचा चेहरा कोणाला दिसत नाही. पाळी संपली की हा पोशाख पिवळ्या पिशवीत जातो आणि पिशवी जाळायला. उद्या नवा पोशाख, नवा मार्कर, नाव पुन्हा.

आजचे रुग्ण निवृत्त गुरुजी आहेत. ऑक्सिजन ऐंशीच्या घरात. शिरूरहून पुणे साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटर. एरवी या रस्त्यावर शिक्रापूरचा चौक आणि वाघोलीची कोंडी जीव नकोसा करते. आज संचारबंदी आहे. रांजणगावला महागणपतीचं दार बंद, फुलवाल्यांच्या टपऱ्यांवर ताडपत्री. ढाबे, टायरची दुकानं, रसवंत्या, सगळं मिटलेलं. सायरन लावायचं कारण नाही, बाजूला व्हायला कोणी नाहीच. तरी तुम्ही तो लावता, शांतता सहन होत नाही म्हणून.

वेळ रस्त्यावर जात नाही. वेळ जातो दारात. पहिल्या रुग्णालयात खाट नाही. दुसऱ्यात "थांबा, बघतो." तुमच्या पुढे गाड्यांची रांग आहे. उन्हात, इंजिन चालू. मागे डॉक्टर सिलिंडरच्या काट्याकडे बघतायत. शाळेत गणिताने तुम्हाला छळलं, आता तेच गणित पुन्हा समोर आलंय: बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर, मिनिटाला १५ लिटर सोडला तर शंभर मिनिटं. त्यांतली किती गेली? दुसरा सिलिंडर पाऊणच भरलेला. गुरुजी मास्कमधून काहीतरी बोलतायत. डॉक्टर कान जवळ नेतात.

"काय म्हणतात?"

"भागाकार बरोबर आहे, म्हणतात. शिल्लक धरा."

तुम्ही हसता. मास्कच्या आत, घामाच्या आत, तुम्ही खरोखर हसता. मग उतरता, रांगेतल्या पुढच्या पायलटला हाका मारता, तो त्याच्या पुढच्याला. गाड्यांमधलं हे बोलणं कुठल्याही नियंत्रण कक्षातून जात नाही. कोणाकडे भरलेला सिलिंडर आहे, कोणता वॉर्ड आत्ता रिकामा झाला, कोणता वॉर्डबॉय खरं सांगतो. पायलटांना पायलट ओळखतात, गाडीच्या नंबरावरून, हॉर्नवरून. एक सिलिंडर हातोहात मागे सरकत येतो.

गुरुजींना खाट मिळते. दार बंद होतं. त्यांची चप्पल तुमच्या गाडीत राहते. तुम्ही ती परत द्यायला जाता, तर दारावरचा माणूस म्हणतो, "आत काही नेता येणार नाही." चप्पल हायपोक्लोराइटने पुसून तुम्ही सीटमागे ठेवता.

घरी पोचता तेव्हा रात्र. अंगणात पिंप भरून पाणी ठेवलंय. तिथेच आंघोळ, कपडे गरम पाण्यात. कठड्यावर झाकलेलं ताट. पोरगी खिडकीतून हात हलवते आणि विचारते, "आज किती?" गल्लीत आधीच्या वर्षी २२ मार्चला संध्याकाळी पाचला याच सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या होत्या, एकाने तर पातेलं चेमटवलं होतं. तोच आता तुमची सावली पडली तरी दार लावून घेतो. राग येतो का? येतो. पण त्याच्या सासऱ्याला ताप आला तर तो कोणता नंबर फिरवणार, तेही तुम्हाला माहीत आहे, आणि त्या वेळी तुम्हीच जाणार आहात. रागाला बसायला वेळ हवा. तो फोन देत नाही.

शेवटचा थांबा सोपा आहे, घाम पुसा. त्यानंतरचा कुठलाही २६ मे धरा. देशातल्या १०८च्या सेवांमध्ये हा पायलट दिन, आणि २ एप्रिल हा ईएमटींचा. आवारात मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, माइकची शिट्टी. उन्हात तापलेल्या ताडपत्रीचा आणि गुलाबपाकळ्यांचा वास. केक आलाय, त्यावर रुग्णवाहिका काढलीय. तिचं एक चाक वितळलंय. पाहुण्यांच्या भाषणात "देवदूत" हा शब्द येतो, पुन्हा येतो. देवदूतांच्या रांगेतले तुम्ही बूट अंगठ्याला चावतोय म्हणून पाय बदलत उभे आहात. तुमचं नाव पुकारलं जातं. आडनाव चुकलंय. शाल अंगावर येते. मे महिना आहे, शाल लोकरीची आहे. श्रीफळ हातात, फोटोसाठी हसू, टाळ्या.

आणि फोन वाजतो.

तुम्ही शाल तशीच घेऊन पळता. नारळ डॅशबोर्डवर. डॉक्टर मागून चढतात, तोंडात केकचा घास. रांजणगावच्या वळणावर नारळ घरंगळून क्लचखाली जायला निघतो, तुम्ही तो पायाने अडवता आणि एक शिवी गिळता. सत्कार झाला, पुरा झाला नाही. कोणाला वाईट वाटलेलं नाही. उलट मांडवातल्या साहेबांची भाषणं टळली, यावर दोघांचं एकमत आहे.

आता उतरा. मोबाइल परत घ्या, बूट तुमचेच आहेत. या प्रवासाचं तिकीट तुम्हाला पडलेलं नाही, म्हणून एक काम सांगतो.

तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत कधी ना कधी १०८ आली असेल. जो माणूस तिच्यातून गेला, त्याचं पुढे काय झालं हे तुम्हाला माहीत आहे. तिच्या पायलटला आणि डॉक्टरला नाही. त्यांना ते कळायची कुठलीही सोय कागदावर नाही. केस क्लोज झाली की त्यांच्यापुरता तो माणूस रुग्णालयाच्या दारातच उभा राहतो, कायमचा. शाल देणारे दुसरे आहेत. तुम्ही फक्त ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात जा. गाडी तिथेच झाडाखाली असेल. तारीख सांगा, गाव सांगा, "ते ओढ्यातून गेलो होतो बघा" म्हणा. त्यांना लगेच आठवेल. मग सांगा: बाबा आता शेतात जातात, किंवा पाय थोडा ओढतात, किंवा मुलीचं नाव अमुक ठेवलं. वाईट बातमी असेल तर तीही सांगा. ती ऐकायची ताकद त्यांच्याकडे तुमच्याहून जास्त आहे, आणि अंदाज तर त्यांनी दारातच बांधलेला असतो. पेढे नेलेत तर उत्तम. पण बोलणं आधी उरका. अर्धी बातमी सांगून झाली असेल आणि फोन वाजला, तर ते तुम्हाला तिथेच सोडून जातील, आणि पेढ्यांचा पुडा घेऊन जातील.